शंभर एमबीपीएसचं नेट, तरी कॉल का अडखळतो?

प्लॅन शंभर एमबीपीएसचा, वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, आणि तरीही व्हिडिओ कॉलवर "हॅलो, आवाज येतोय का?" चालूच. बहुतेक वेळा त्याच सुमाराला घरातल्या कुठल्यातरी मोबाइलने फोटोंचा बॅकअप सुरू केलेला असतो. कस्टमर केअरला फोन केला की मोठा प्लॅन घ्या म्हणतात. त्याने हे दुखणं जाईलच असं नाही, कारण कमतरता वेगाची नसते. पॅकेटं, म्हणजे नेटवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे, रांगेत अडकलेली असतात.

एमबीपीएस सांगतं की सेकंदाला किती माहिती जाते. एखादं पॅकेट पोहोचायला किती वेळ घेतं, हे ते सांगत नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबई-पुणे अंतराला त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. बोलणं एका बाजूने 150 मिलिसेकंदांत पोहोचलं तर संवाद सहज चालतो, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निकष आहे. मग उरलेला वेळ खातं कोण?

राउटरची मेमरी. घरातल्या वायफायवरून पॅकेटं भराभर येतात आणि बाहेरची वाट अरुंद असते. जास्तीची पॅकेटं बफरमध्ये, म्हणजे या मेमरीतल्या रांगेत, थांबतात. अनेक राउटरांत चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीत नेटवर्क कार्डामागची रांग बराच काळ 1000 पॅकेटांची असे. एक पॅकेट 1500 बाइटचं धरा आणि अपलोडचा वेग 10 एमबीपीएस. रांग भरली की शेवटच्या पॅकेटाचा नंबर 1.2 सेकंदांनी लागतो. ते पॅकेट तुमच्या आवाजाचं असेल तर कॉलची वाटच लागली!

ही रांग भरते मुळात एका शहाण्या नियमामुळे. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलेत, जेमतेम 400 यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. तिथले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला आणि 1988 मध्ये मांडला: पाठवणारा संगणक हळूहळू वेग वाढवत जातो, आणि पॅकेट हरवलं की पुढे कोंडी आहे असं समजून वेग कमी करतो. आजही बरंचसं इंटरनेट याच तत्त्वावर चालतं. पण मेमरी स्वस्त झाली आणि एकही पॅकेट गळू नये म्हणून बफर फुगत गेले. पॅकेट गळेना, त्यामुळे पाठवणाऱ्याला इशारा मिळेना, आणि तो ओततच राहिला. 2010 मध्ये संगणक अभियंता जिम गेटिस यांना स्वतःच्या घरच्या नेटवर हे दिसलं. या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव त्यांनीच दिलं.

आवाजाच्या पॅकेटांना पुढे काढावं, हा उपाय लगेच सुचतो. तशी सोय आहेही. पॅकेटाच्या माथ्यावर सहा बिटांत त्याचा दर्जा लिहिता येतो, आणि आवाजासाठी सहसा 46 हा आकडा घालतात. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमध्ये याचा उपयोग होतो. उघड्या इंटरनेटवर मात्र ही चिठ्ठी अनेकदा पुसली जाते किंवा तिच्याकडे कोणी बघत नाही. शिवाय सगळ्यांनीच 46 लिहिलं तर पुढे कोणाला काढणार?

खरी उकल 2012 मध्ये संशोधक कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी दिली. रांग आवरणाऱ्या या पद्धतीचं नाव 'कोडेल'. रांगेत पॅकेटं किती आहेत हे ती मोजतच नाही, पॅकेट किती वेळ थांबलं एवढंच बघते. क्षणभर गर्दी झाली तर चालेल. पण सलग 100 मिलिसेकंद एकही पॅकेट 5 मिलिसेकंदांच्या आत सुटलं नाही, तर ती मुद्दाम एक पॅकेट टाकून देते. पाठवणारा लगेच सावरतो. तिच्या सुधारित रूपात, 'एफक्यू-कोडेल'मध्ये, प्रत्येक प्रवाहाची रांगही वेगळी असते. बॅकअपची पॅकेटं आपापल्या रांगेत थांबतात, कॉल पुढे सरकतो.

घरी तपासायचं तर पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. 20 मिलिसेकंदांचे 600 झाले तर राउटरच्या सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' ही रांग आवरायची सोय आहे का पाहा. तिथे वेगाची मर्यादा खऱ्या वेगाच्या 90 टक्क्यांच्या आसपास ठेवायची. मग रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्याच राउटरमध्ये लागते, जिथे कोडेल तिला आवरू शकतं. स्पीड टेस्टचा आकडा थोडा उतरेल, तेवढा उतरू द्या.