तीन फ्रेमची मर्यादा आली कुठून?

एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या, म्हणजे कमी-जास्त प्रकाश घेतलेल्या प्रती जोडण्याची युक्ती (आज तिला एचडीआर म्हणतात) 1850 च्या दशकातली. समुद्राच्या चित्रात आकाश एका निगेटिव्हवरून, पाणी दुसरीवरून छापलं जाई. 1997 मध्ये अशा फ्रेमवरून दृश्यातल्या प्रकाशाचं प्रमाण काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि 2005 मध्ये ती नेहमीच्या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आली. घोडं अडलं ते कॅमेऱ्यापाशी: बरेच कॅमेरे आपोआप तीनच फ्रेम घेत.

गोंधळाचं मूळ 'ब्रॅकेटिंग' या शब्दात आहे. स्लाइड फिल्मवर अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) चुकला तरी फरक दिसे, म्हणून एक बरोबर, एक कमी, एक जास्त अशा तीन फ्रेम काढायच्या आणि एक ठेवायची. 1980 च्या दशकाअखेर आलेलं ऑटो ब्रॅकेटिंग याच कामासाठी होतं. एचडीआरला मात्र सगळ्याच फ्रेम लागतात. तरी डिजिटल कॅमेऱ्यांत ती सोय तशीच उतरली: 3 फ्रेम, ±2 स्टॉप. 2010 च्या काही छोट्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत तर जेमतेम ±0.7. फ्रेम तात्पुरत्या साठवणारी मेमरी, म्हणजे बफर, अपुरा पडतो म्हणून तीनच फ्रेम, हे कारण पटत नाही. 2007 मध्येच वरच्या श्रेणीतले कॅमेरे 9 फ्रेम देत होते. अडचण फर्मवेअरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरची होती आणि ती स्वस्त कॅमेऱ्यांसाठी मुद्दाम ठेवली गेली, असंच म्हणावं लागतं.

याचा भुर्दंड ट्रायपॉडवर बसतो. अंधारी खोली आणि बाहेर ऊन असेल तर एक मालिका −3 वर, दुसरी +3 वर घ्यायची. −5 ते +5 मिळतं, पण मधे डायल फिरवावा लागतो आणि त्याने कॅमेरा किंचित हलतो. 24 मिमी लेन्स आणि 6.4 मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर कॅमेरा 0.015 अंश वळला की चित्र एक पिक्सेल सरकतं. खिडकीच्या गजांना दुहेरी कड दिसते ती यामुळे. सॉफ्टवेअर फ्रेम जुळवतं, पण कडा कापल्या जातात, बारीक तपशील मऊ पडतो आणि थरथरीने हललेली फ्रेम सुधारत नाहीच.

केबल रिलीज (वायरच्या टोकाचं बटण) फक्त शटर दाबते, एक्स्पोजरची वेळ बदलत नाही. खरी सुटका यूएसबीने झाली: लॅपटॉप किंवा छोटा कंट्रोलर प्रत्येक फ्रेमचा शटर स्पीड बदलतो, कॅमेऱ्याला बोटही लागत नाही. 2009 नंतर स्वयंसेवकांनी लिहिलेलं फर्मवेअर कार्डवरून चालवून काही कॅमेऱ्यांतच लांब मालिका घेता येऊ लागली.

अशी मालिका घेताना मोड मॅन्युअल, अॅपर्चर, आयएसओ आणि फोकस पक्के, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, आरसा आधीच वर. 1/30 ते 1 सेकंदाच्या फ्रेमना आरशाचा धक्का सर्वांत जास्त जाणवतो. मोजणी सर्वांत लांब एक्स्पोजरकडून करावी: 30, 8, 2, 1/2, 1/8, 1/30 सेकंद. सहा फ्रेम, दहा स्टॉप. मधल्या फ्रेमपासून मोजलं तर वरचं टोक 30 सेकंदांपलीकडे जातं. बहुतेक कॅमेरे तिथेच अडतात आणि शेवटच्या दोन फ्रेम सारख्याच येतात. तसं झालं तर सगळ्या मालिकेचा आयएसओ एकदाच वाढवावा.