सोन्याने केंद्रक दाखवलं, पण आतलं सांगितलं हलक्या केंद्रकांनी

रदरफोर्डचा सोन्याच्या वर्खाचा प्रयोग शाळेत सगळ्यांनीच घोकलाय, 1909 ला मँचेस्टरमध्ये गायगर-मार्सडेन आणि मग 1911 चं केंद्रक. पण त्या प्रयोगात अल्फा कण (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा) सोन्याच्या केंद्रकाला शिवलाच नव्हता, हे कुणी सांगत नाही. सोन्यात 79 प्रोटॉन, अल्फाची एनर्जी पावणेआठ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची एनर्जी मोजायचं एकक) आसपास, दोघंही पॉझिटिव्ह, त्यामुळे अगदी नाकासमोर गेला तरी अल्फा साधारण 30 फेम्टोमीटरवरूनच (1 फेम्टोमीटर म्हणजे 10 चा उणे 15 वा घात इतके मीटर) माघारी फिरतो आणि केंद्रकाची त्रिज्या जेमतेम 7. आत काहीतरी आहे एवढं कळलं, काय आहे ते नाही.

अ‍ॅल्युमिनियममध्ये प्रोटॉन फक्त 13, तिथे तोच अल्फा 5 फेम्टोमीटरपर्यंत जातो, म्हणजे टेकतोच. आणि टेकला की कुलोमचं गणित, म्हणजे फक्त विद्युतभारांच्या ढकलाढकलीचा हिशोब, बिघडतं. 1921 मध्ये चॅडविक आणि बीलर यांनी हायड्रोजनवर वेगवान अल्फा सोडले तर पुढे उडणारे प्रोटॉन हिशोबापेक्षा कितीतरी पट जास्त निघाले, मग त्यांनी अल्फा म्हणजे एक चपटा गोळा मानला, अर्धे अक्ष 8 आणि 4 फेम्टोमीटर. आकार चुकला, पण इतक्या जवळ वेगळंच जबरदस्त बल काम करतंय हे त्यांनी बरोबर ओळखलं, आणि माझ्या मते खरी सुरुवात इथे आहे, सोन्यात नाही.

आता हे उडणारे कण मोजायचे कसे, तर डोळ्यांनी! अंधाऱ्या खोलीत आधी नुसतं बसायचं, डोळे सरावले की मायक्रोस्कोपला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की चमकणारे प्रकाशाचे बारीक ठिपके मोजायचे, मिनिटभर मोजलं की दुसऱ्याची पाळी. यातूनच केंब्रिज आणि व्हिएन्नाचं वाजलं. व्हिएन्नाचे पेटरसन आणि किर्श म्हणायचे, अल्फाच्या माऱ्याने कार्बनसुद्धा फुटतो, प्रोटॉन दिसतात, केंब्रिजवाल्यांना काही दिसेना. डिसेंबर 1927 मध्ये केंब्रिजचा चॅडविक स्वतः व्हिएन्नाला गेला. तिथे मोजायला मुली बसायच्या आणि काय दिसायला हवं हे त्यांना आधीच माहीत असायचं. चॅडविकने काहीही न सांगता त्यांनाच मोजायला बसवलं, आणि आकडे निघाले केंब्रिजसारखे. मुलींची काहीच चूक नव्हती, मोजणाऱ्याला उत्तर आधी सांगितलं की असंच होणार.

पुढे कण आपोआप मोजणारे काउंटर आले, कणांना वेग देणारी सायक्लोट्रॉन यंत्रं आली, ठिपके मोजणं सुटलं. 1938 मध्ये हाफस्टाड आणि टेलर यांनी हलकी केंद्रकं अल्फांच्या गठ्ठ्यांसारखी आहेत असं मॉडेल मांडलं. अल्फावर अल्फा आपटून बघितला तर दोघांचं मिळून होणारं बेरिलियम-8 टिकतच नाही, 10 चा उणे 16 वा घात इतक्या सेकंदात दोन अल्फा मोकळे. मग तीन अल्फांचा कार्बन ताऱ्यांत बनतो तरी कसा? 1953 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हॉयलने हट्टच धरला की कार्बनच्या केंद्रकाला 7.65 एमईव्हीजवळ जास्त एनर्जीची एक अवस्था असलीच पाहिजे, आणि अमेरिकेतल्या कॅल्टेकमध्ये ती सापडली.

ही अवस्था फुटताना तीन अल्फा एकदम सुटतात की आधी एक सुटतो आणि उरलेला बेरिलियम-8 मग फुटतो, यावर बरीच वर्षं वाद चालला. कोलकात्याच्या व्हीईसीसीमध्येही (व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर) के-130 सायक्लोट्रॉनचे 60 एमईव्हीचे अल्फा कार्बनवर सोडून हे तपासलं गेलं. जवळपास सगळे बेरिलियमच्याच वाटेने जातात, थेट सुटणारे टक्कासुद्धा नाहीत.