जुलैतली कुंडी आणि मुळांचा श्वास

ठाण्यात जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सलग चार-पाच दिवस झड लागून राहिली की गॅलरीतले अँथुरियम किंवा पीस लिली भर पावसात मान टाकते. माती हाताला चिंब लागते, बशीत पाणी साचलेले असते, आणि तरीही झाड एप्रिलमधल्या तहानलेल्या झाडासारखे मलूल दिसते. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस पाण्याचा तांब्या उचलतो. मीही उचलला होता. त्यानंतर आठवडाभरात ते अँथुरियम गेले, आणि कुंडी रिकामी करताना त्याचे कारण हाताला लागले. मुळांचा पुंजका चिमटीत धरून हलकेच ओढला, तर मुळांवरची साल मोज्यासारखी निसटून बाहेर आली आणि आत दोऱ्याएवढी बारीक तार तेवढी उरली. वरची माती वासाला ठीक होती. तळाकडच्या चार बोटे मातीला मात्र कुजक्या अंड्याचा वास येत होता.

या चार बोटे मातीत काय घडते ते नीट समजले, तर आपल्या हवामानात उष्णकटिबंधीय झाडांची निगा राखण्याचे बरेचसे काम सोपे होते. ऊब, दमटपणा आणि पाऊस या झाडांना ठाणे-नवी मुंबईत आयतेच मिळतात. कुंडीत कमी पडते ती मुळांना लागणारी हवा.

पाने प्रकाशात प्राणवायू तयार करतात, त्यामुळे वनस्पतीला तो बाहेरून लागत नाही असा एक समज असतो. मुळांना प्रकाश मिळत नाही, आणि पानांत तयार झालेला प्राणवायू बहुतेक झाडांत मुळांच्या टोकांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मुळांच्या पेशी आपल्यासारखाच श्वास घेतात: पानांकडून आलेली साखर मातीतल्या प्राणवायूच्या मदतीने जाळतात आणि त्या ऊर्जेवर क्षार आत ओढून घेण्याचे व वाढण्याचे काम करतात. साखरेच्या एका रेणूपासून प्राणवायू असताना पेशीला ऊर्जेची सुमारे ३० चलनी नाणी मिळतात, प्राणवायू नसेल तर फक्त २. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हा पुरवठा जवळजवळ बंद होतो, कारण पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश होतो. शिवाय पाण्यात तो मावतोच कमी. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात. त्यात उष्णतेची भर पडते. तापमान १० अंशांनी वाढले की मुळांच्या आणि मातीतल्या जिवाणूंच्या श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे थंड प्रदेशातली ओली कुंडी जे सोसून नेते ते आपल्याकडची कुंडी सोसू शकत नाही. चिंब मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो, मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि त्यांतले काही गंधकाच्या संयुगांपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास त्याचाच.

आता पाण्यात उभे असलेले झाड का कोमेजते, या प्रश्नाकडे वळू. पेशींच्या पडद्यांमध्ये पाण्याची ये-जा करणारी प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात आणि त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राणवायू तुटला की मुळांच्या पेशींचा अंतर्भाग आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लतेने ही दारे मिटतात. भोवती पाणीच पाणी आहे, पण ते आत घेण्याची वाट बंद झाली आहे, अशी झाडाची अवस्था होते. पाने तहानेने वाकतात, आणि ती तहान खरीच असते. अशा वेळी घातलेले तांब्याभर पाणी उरलीसुरली हवाही घालवते.

यानंतर येते ती कूज. गुदमरलेल्या मुळांतून साखर आणि इतर द्रव्ये बाहेर झिरपू लागतात व त्यांच्या मागावर पिथियम आणि फायटोफ्थोरा हे जीव येतात. त्यांना आपण सवयीने बुरशी म्हणतो. वंशाने मात्र ते खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळचे आहेत. त्यांचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने पाण्यात पोहतात, त्यामुळे पाण्याने भरलेली माती ही त्यांची वाहतुकीची वाट ठरते. फायटोफ्थोरा या नावाचा ग्रीकमधला अर्थच ‘वनस्पतींचा नाश करणारा’ असा आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवणारा आणि कोकणातल्या पोफळीच्या बागेत भर पावसात सुपारी गळवणारा कोळेरोग आणणारा, हे दोघे याच गोतातले आहेत. मूळ गुदमरलेले नसेल तर बहुतेकदा ते या हल्ल्याला तोंड देते. म्हणून बुरशीनाशकाची पुडी शोधण्याआधी तळाच्या मातीचा वास घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

इथे कोणालाही शंका येईल की ही झाडे तर पावसाळी जंगलांतली. तिथे ठाण्यापेक्षा कमी पाऊस पडतो का? ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांच्या मूळ प्रदेशांत अनेक ठिकाणी याहून जास्त. फरक पावसात नाही, पाय रोवण्याच्या जागेत आहे. अँथुरियमच्या अनेक जाती दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत झाडांच्या खोडांवर किंवा सैल पालापाचोळ्यात वाढतात. मॉन्स्टेरा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या झाडांवर चढतो. आपला मनीप्लँट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरिया या बेटावरचा, तोही चढणाराच. खोडाच्या सालीवर कोसळलेला पाऊस काही मिनिटांत वाहून जातो आणि त्याच्या जागी पुन्हा हवा येते. सह्याद्रीत आंब्या-जांभळांच्या खोडांवर लोंबणारी सीतेची वेणी ही ऑर्किड पाहिली तर हे डोळ्यांना दिसते. तिच्या जाडजूड मुळांवर मेलेल्या पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते, ते पावसाचा थेंब क्षणात शोषून घेते. कोरडे असताना मूळ रुपेरी दिसते, भिजले की हिरवे. चार महिने पावसात राहूनही हे मूळ कुजत नाही, कारण प्रत्येक सरीनंतर त्याला वारा लागतो.

याच्या अगदी उलट सोय पाहायची असेल तर ऐरोलीच्या बाजूला ठाणे खाडीकाठी ओहोटीच्या वेळी जावे. तिथला चिखल दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि त्यात प्राणवायू जवळपास नसतो. तिवराची मुळे म्हणूनच चिखलातून पेन्सिलीसारखे शेकडो कोंभ वर काढतात. त्या कोंभांवरच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि खालच्या मुळांपर्यंत जाते. भात, अळू आणि वेखंड यांच्या अंगातही पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या नळ्या असतात. ही झाडे पाण्यात पाय ठेवून उभी राहू शकतात, आणि ज्यांच्या गॅलरीत पाऊस थेट आत येतो त्यांनी कठड्यावर अळू किंवा वेखंड लावावे, ते सुखाने वाढेल. अँथुरियमकडे, फिलोडेंड्रॉनकडे आणि बहुतेक ऑर्किडांकडे ही सोय नाही.

मग बाटलीतल्या पाण्यात मनीप्लँट वर्षानुवर्षे कसा जगतो? पाण्यातच फुटलेली मुळे घडणीने वेगळी असतात. त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या अधिक असतात आणि बाटलीत प्राणवायू खाऊन टाकणारी सेंद्रिय माती नसते. मातीत वाढलेला मनीप्लँट उपटून पाण्यात ठेवला तर त्याची जुनी मुळे बहुतेक झडतात आणि नवी येतात.

कुंडीत पाणी कसे अडते हे पाहायला स्वयंपाकघरातला लांबट स्पंज पुरतो. तो पाण्यात पूर्ण भिजवावा, दोन्ही हातांनी आडवा धरावा आणि ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. आता त्यात गुरुत्वाकर्षणाने निघण्याजोगे पाणी उरलेले नाही असे वाटते. तोच स्पंज उभा केला की खालच्या कडेने पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त त्याची उंची वाढली. कुंडीतही तसेच होते. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, आणि तळाशी एका ठरावीक उंचीपर्यंतचा थर भोक उघडे असले तरी चिंबच राहतो. ही उंची कुंडीच्या मापावर नव्हे, मातीच्या कणांच्या आकारावर ठरते: माती जितकी बारीक तितका थर उंच. त्यामुळे उथळ कुंडीतली जवळजवळ सगळी माती त्या थरात येते, तर खोल कुंडीत वरचा बराच भाग मोकळा राहतो.

तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालून निचरा सुधारतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि मला ते खोडून काढताना अवघड वाटते, कारण सांगणारी माणसे हाताने काम केलेली आहेत. पण बारीक मातीतले पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भरल्यावरच ते खाली सांडते. परिणामी चिंब थर तेवढाच राहतो, फक्त खडीच्या वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. त्याऐवजी झडीच्या दिवसांत कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून ती कलती करावी. तिरक्या कुंडीत खालचा कोपराच तेवढा चिंब राहतो आणि उरलेले पाणी निघून जाते. भोक त्या खालच्या बाजूला येईल असे पाहावे.

खरा उपाय मिश्रणात आहे. रोपवाटिकेतून आलेल्या बऱ्याच रोपांची मुळे लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतात; तो गोळा वाळला की विटेसारखा होतो आणि भिजला की आठवडाभर ओल सोडत नाही. नव्या रोपाचा गोळा बादलीत भिजवून बोटांनी हळूहळू सोडवावा. मी अँथुरियम आणि मॉन्स्टेरासाठी दोन भाग नारळाच्या सोडणाचे नखाएवढे तुकडे, एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग फोडलेल्या विटेची भरड घेते. भरड चाळणीने चाळून तिची भुकटी काढून टाकते, कारण भुकटी राहिली तर ती पोकळ्यांतच जाऊन बसते. बारीक वाळू घालण्याचा तोटाही हाच. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावे. नुसते कोकोपीट एप्रिलमध्ये चालते, जुलैत ते पाणी धरून बसते. मातीची कुंडी भिंतींतूनही सुकते, हा पावसाळ्यात तिचा मोठा गुण आहे. आणि लहान रोप मोठ्या कुंडीत लावू नये: जिथे मुळे पोहोचलेली नाहीत तिथले पाणी पिणारे कोणी नसते.

पाणी किती घालायचे याचे उत्तर हवेत आहे. ३० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. जुलैत आर्द्रता ९० टक्के असेल तर तिच्यात आणखी ३ ग्रॅमच मावतात. एप्रिलच्या दुपारी ३४ अंश तापमान आणि ५५ टक्के आर्द्रता धरली तर ही जागा सुमारे १७ ग्रॅमची होते. पानांतून उडणारे पाणी मुख्यतः या जागेवर अवलंबून असते. म्हणजे तेच झाड जुलैत एप्रिलच्या मानाने पाचवा-सहावा हिस्साच पाणी पिते, आणि आभाळ दाटलेले असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. रोज सकाळी एक मग पाणी हा बारमाही नेम म्हणूनच घातक आहे. कुंडी दोन्ही हातांनी किंचित उचलून तिचे वजन अजमावण्याची सवय लावावी. हलकी लागली तरच पाणी, जड लागली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. जी कुंडी उचलवत नाही तिच्यात बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. वरची माती कोरडी आणि काडीचे टोक ओले, हे पावसाळ्यात नेहमीचे आहे. बशा तर जूनमध्येच काढून ठेवाव्यात, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते.

झाड आधीच कोमेजले असेल तर पावसाळा सरण्याची वाट पाहू नये. ते कुंडीतून काढून मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत. घट्ट, पांढरी किंवा फिकट पिवळी मुळे ठेवावीत. दाबल्यावर साल निसटणारी सगळी मुळे निर्जंतुक केलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापून टाकावीत. जेवढी मुळे गेली त्या मानाने जुनी पानेही कमी करावीत, कारण उरलेल्या मुळांना तेवढ्या पानांची तहान भागवता येणार नाही. मग मुळे जेमतेम मावतील एवढ्या लहान कुंडीत, ताज्या भरड मिश्रणात लावून ते उजेडात पण उन्हाबाहेर, पाऊस थेट येणार नाही अशा जागी ठेवावे. या अवस्थेत खत देऊ नये. क्षारांनी जखमी मुळे आणखी भाजतात. तीन-चार आठवड्यांनी मधल्या कोंबातून नवे पान सुरळीसारखे वर येऊ लागले की खाली मुळे धरली असे समजावे, आणि पहिले खत त्यानंतर, पाकिटावर दिलेल्या मापाच्या निम्मे द्यावे.