सेन्सेक्स हिरवा, पोर्टफोलिओ लाल: निर्देशांक वेगळा, बाजार वेगळा

‘बाजार आज दोनशे अंशांनी वधारला’ हे बातम्यांत ऐकून मोबाइल उघडावा, तर आपल्या पोर्टफोलिओत सगळं लालच लाल. ॲप बिघडलंय की काय, असं वाटतं. ॲप ठीक असतं. निवेदक ‘बाजार’ म्हणाला, तो खरं तर सेन्सेक्स होता, म्हणजे निवडक मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांवरून काढलेला निर्देशांक.

मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या पाच हजारांहून जास्त. सेन्सेक्समध्ये त्यातल्या 30, निफ्टीत राष्ट्रीय शेअर बाजारातल्या 50. शितावरून भाताची परीक्षा म्हणावी, तर हे शीत निवडून-टिपून बाजूला काढलेलं. शिवाय या तीस-पन्नास जणांनाही सारखं मत नाही. प्रवर्तकांकडचे, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांकडचे, शेअर वगळून जे खरेदी-विक्रीला मोकळे उरतात, त्यांच्या बाजारमूल्यावर प्रत्येकाचं वजन ठरतं.

हिशेबच करून बघा. निफ्टी 25,000 वर आहे आणि सर्वांत वजनदार तीन शेअरचं मिळून वजन 30 टक्के आहे, असं धरा. हे तिघे 2 टक्क्यांनी वाढले की निर्देशांकाला 0.6 टक्के मिळाले. उरलेले 47 शेअर प्रत्येकी अर्ध्या टक्क्याने पडले, की 0.35 टक्के गेले. बाकी 0.25 टक्के, म्हणजे साधारण 62 अंश. पन्नासातले सत्तेचाळीस खाली, तरी बातमी ‘निफ्टी वधारला’!

दुसरं मोजमाप याच्या अगदी उलट, आणि सोपं: आज वाढलेले शेअर किती, पडलेले किती? बाजारातली मंडळी याला ॲडव्हान्स-डिक्लाइन म्हणतात. इथे सगळ्यांत मोठी बँक आणि इचलकरंजीची एखादी छोटी सूतगिरणी, दोघी एकेकच मोजल्या जातात. त्यामुळे किती पैसा हलला हे यातून कळत नाही, पण वाढ किती जणांपर्यंत पोचली ते कळतं. मला विचाराल तर छोट्या शेअरवाल्याने आधी हा आकडा बघावा.

निर्देशांक आणि बाकीचा बाजार एकमेकांपासून किती लांब जाऊ शकतात, ते 2018 ने दाखवलं. त्या वर्षात सेन्सेक्स सुमारे 6 टक्के वाढला, निफ्टी 3 टक्के. त्याच वर्षी मध्यम कंपन्यांचा निर्देशांक निफ्टी मिडकॅप 100 सुमारे 15 टक्के पडला आणि छोट्या कंपन्यांचा स्मॉलकॅप 100 तर 29 टक्के. आदल्या वर्षी हेच छोटे शेअर निफ्टीच्या कितीतरी पुढे धावले होते, भाव फुगले होते. मग अर्थसंकल्पात शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर कर आला, सप्टेंबरात आयएलअँडएफएस या बड्या वित्तसंस्थेने कर्जाचे हप्ते थकवले, आणि पैसा मोठ्या, ओळखीच्या नावांकडे पळाला. वर्षअखेरीस सेन्सेक्सकडे बघणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

मोठ्या पडझडीत मात्र दोघांची भाषा एक होते. 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात 13 टक्के कोसळला, तेव्हा लहान-मोठं कुणीच सुटलं नाही.

निर्देशांक कायम तब्येतीत दिसतो, त्याचं आणखी एक कारण म्हणजे आजारी गडी बदलला जातो. जानेवारी 2009 मध्ये सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा उघड झाला आणि काही दिवसांतच सेन्सेक्समध्ये तिच्या जागी सन फार्मा आली. ज्यांच्या डीमॅट खात्यात सत्यम होती, त्यांच्याकडे ती तशीच राहिली.