चवथीच्या आधी सही घ्या: परदेशी भागीदारासोबत संशोधन निधीचा अर्ज

गोव्यात दोनापावल असो, ताळगाव असो की फर्मागुढी, प्रयोगशाळेत चहाच्या वेळी एक विषय हमखास निघतो: युरोपचा पैसा आपल्याला मिळतो का? मिळतो. पण संस्थेपेक्षा माणसाला मिळणं सोपं.

'होरायझन युरोप' हा युरोपीय संघाचा संशोधन निधीचा 2021 ते 2027 चा, सुमारे 95.5 अब्ज युरोंचा कार्यक्रम. भारतीय संस्थेला त्यात भागीदार होता येतं, पण आपोआप निधी मिळणाऱ्या देशांत भारत नाही. म्हणजे संस्थेचा खर्च बहुतेकदा संस्थेच्याच डोक्यावर. याच कार्यक्रमातली मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप मात्र कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. पीएचडी हवी, त्यानंतरचा संशोधनाचा अनुभव 8 वर्षांच्या आत हवा, आणि अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम नको. लोक अडकतात ते या शेवटच्या अटीत. लिस्बनला दीड वर्ष काढून नुकताच परतलेला गोंयकार पोर्तुगालसाठी बाद, फ्रान्ससाठी मात्र चालतो. म्हणून प्रस्तावाला हात घालण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के मोजा.

हा अर्ज तिकडची यजमान संस्था भरते, मार्गदर्शकाच्या नावाने. अंतिम तारीख सहसा सप्टेंबरात, म्हणजे आपल्या गणेश चवथीच्या मागेपुढे. त्या आठवड्यात माटोळी बांधायला सगळं ऑफिस गावाला गेलेलं असतं, तेव्हा अनुभवाचे दाखले आणि पदवीचे कागद जुलैतच हाताशी ठेवा. मार्गदर्शकाला पहिला मेल त्याच्याही बराच आधी गेलेला बरा.

संस्थेलाच निधी हवा असेल तर द्विपक्षीय योजना बघा. भारत-फ्रान्सचं सेफिप्रा हे संयुक्त संशोधनाला निधी देणारं केंद्र 1987 पासून चालू आहे. तिथे दोन्ही देशांच्या संशोधकांनी मिळून एकच प्रस्ताव द्यायचा असतो. भारत-जर्मनी विज्ञान आणि तंत्रज्ञान केंद्राची 'टू प्लस टू' योजना आहे, तिच्यात दोन्हीकडून एक संशोधन संस्था आणि एक उद्योग लागतो. वेर्णा वसाहतीतला एखादा औषध कारखाना सोबत यायला तयार असेल तर विचार करा, पण खर्चाचा वाटा त्यालाही उचलावा लागतो, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

कागदांत सहसा प्रमुख संशोधकांची माहितीपत्रं, वर्षवार अंदाजपत्रक आणि संस्थाप्रमुखाच्या सहीचं संमतीपत्र. खरा वेळ या सहीला लागतो: फाईल विभागातून लेखा शाखेत, तिथून कुलसचिवांकडे. माझी एकदा लेखा शाखेत अकरा दिवस पडून राहिली. कारण काय, तर अंदाजपत्रकात प्रवासखर्च युरोत होता आणि रुपयांचा रकाना कोरा.

पैसा थेट परदेशातून खाजगी संस्थेच्या खात्यात येणार असेल तर परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते. आरोग्य संशोधनात परदेशी भागीदार असेल तर आयसीएमआरकडच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडच्या) छाननी समितीचीही मंजुरी.

मांडवीच्या गाळातले जिवाणू कुपीत भरून तिकडे पाठवायचे असतील तर 2002 चा जैवविविधता कायदा आडवा येतो. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या, मान्यताप्राप्त सहयोगी प्रकल्पांना कलम 5 खाली सवलत आहे. ती मान्यता हातात येईपर्यंत कुपी फ्रीजमध्येच राहू दे.