माजी राज्य विधिमंडळ सदस्यांची लॉबिंग कारकीर्द (अमेरिका)

अमेरिकेच्या घटकराज्यांत विधिमंडळाचे सदस्यत्व संपल्यावर त्याच विधिमंडळापुढे एखाद्या कंपनीची, व्यापारी संघाची, रुग्णालयाची किंवा नगरपालिकेची बाजू मोबदला घेऊन मांडणे हा माजी सदस्यांचा रुळलेला व्यवसाय आहे. हे काम करणाऱ्याला लॉबिस्ट म्हणतात. लोकप्रतिनिधीपद आणि लॉबिंग यांमधील ये-जा तिकडे ‘फिरते दार’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. कॅलिफोर्नियात तर लॉबिस्टांच्या समुदायालाच ‘तिसरे सभागृह’ म्हणतात. लॉबिंग बेकायदेशीर नाही. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेला आहे, आणि लॉबिस्टांना राज्याकडे नोंदणी करावी लागते.

या वाटेकडे सदस्य वळतात त्यामागे उत्पन्नाचा प्रश्न असतोच. न्यू हॅम्पशायरमध्ये सदस्याचे वेतन वर्षाला १०० डॉलर आहे, तर टेक्सासमध्ये ७,२०० डॉलर. परंतु केवळ पैशाने हा व्यवसाय समजत नाही. विधेयक कोणत्या समितीत अडवले जाते, समितीचा अध्यक्ष कोणाचा शब्द मानतो, अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री कोणती दुरुस्ती पुढे सरकू शकते, हे ज्ञान पुस्तकात नसते. ते सभागृहात वर्षे काढूनच येते आणि त्याला बाजारात किंमत असते. त्याहून अधिक किंमत ओळखीला असते. अमेरिकी सिनेटरांच्या कार्यालयांत पूर्वी काम केलेल्या लॉबिस्टांविषयीच्या २०१२ साली प्रकाशित झालेल्या एका अभ्यासात, संबंधित सिनेटर पदावरून गेल्यावर अशा लॉबिस्टांनी मिळवून दिलेले उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा अभ्यास संघीय पातळीवरचा असला, तरी विकले जाते ते ज्ञान की ओळख, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यात मिळते.

कारकिर्दीच्या मर्यादेने या व्यवसायाला अनपेक्षित बळ दिले. व्यावसायिक राजकारण्यांना आळा बसावा म्हणून १९९० पासून अनेक राज्यांच्या मतदारांनी सदस्यत्वाचा काळ बांधून दिला. आज अशी मर्यादा १६ राज्यांत आहे. मिशिगनच्या मतदारांनी १९९२ मध्ये स्वीकारलेला नियम विशेष कडक होता. प्रतिनिधिगृहात दोन-दोन वर्षांच्या तीन मुदती, म्हणजे एकूण सहाच वर्षे मिळत, आणि तीही आयुष्यभरासाठी. ११० सदस्यांच्या या सभागृहात त्यामुळे अनुभवी माणूस दुर्मीळ झाला. पहिल्या मुदतीत समितीवर बसलेल्या सदस्याला जुन्या कायद्याचा इतिहास विचारायचा, तर तो इतिहास जगलेला माणूस बहुधा बाहेर लॉबीतच भेटे. सदस्य बदलत राहिले आणि लॉबिस्ट टिकून राहिले. चाळिशी-पन्नाशीत मुदत संपलेल्या सदस्यालाही घरी परतण्यापेक्षा राजधानी लॅन्सिंगमध्येच कार्यालय थाटणे सोयीचे होते, कारण पूर्ण मुदत भोगलेल्या सदस्याला लगेच लॉबिस्ट होण्यास मिशिगनचा कायदा आडकाठी करत नव्हता. मतदारांनी २०२२ मध्ये ही मर्यादा बदलून दोन्ही सभागृहे मिळून १२ वर्षे केली.

रिक जॉन्सन यांची कारकीर्द याच नियमाच्या चौकटीत घडली. लेरॉय या गावचे हे रिपब्लिकन पक्षाचे दुग्धव्यावसायिक शेतकरी १९९९ मध्ये मिशिगनच्या प्रतिनिधिगृहात आले आणि दुसऱ्याच मुदतीत, २००१ मध्ये, सभापती झाले. मर्यादेमुळे २००४ अखेर त्यांना सभागृह सोडावे लागले. त्यानंतर ते लॉबिस्ट झाले, आणि त्यांचे भागीदार होते १९८९ ते १९९२ या काळात सभापती असलेले डेमोक्रॅट लू डोडक. परस्परविरोधी पक्षांच्या दोन माजी सभापतींनी एकाच पाटीखाली काम करावे, यातून या व्यवसायाचे स्वरूप स्पष्ट दिसते: अशिलाला विचारसरणी नको असते, दोन्ही बाजूंची दारे उघडी हवी असतात. मे २०१७ मध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांनी जॉन्सन यांना वैद्यकीय गांजाच्या व्यवसायाला परवाने देणाऱ्या नव्या पाच सदस्यीय मंडळाचे अध्यक्ष नेमले. हे मंडळ २०१९ मध्ये बरखास्त झाले. अध्यक्षपदाच्या काळात परवाना मागणाऱ्यांकडून आणि त्यांच्या लॉबिस्टांकडून एक लाख डॉलरहून अधिक लाच घेतल्याचा गुन्हा जॉन्सन यांनी एप्रिल २०२३ मध्ये कबूल केला, आणि सप्टेंबरमध्ये संघीय न्यायालयाने त्यांना ५५ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. हा गुन्हा सार्वजनिक पदावरचा होता, लॉबिंगच्या वर्षांमधला नव्हे. तो साऱ्या व्यवसायाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तरीही कायदा करणारा, कायद्यासाठी मोबदला घेऊन रदबदली करणारा आणि कायद्याखाली परवाने वाटणारा, या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे क्रमाने येऊ शकल्या, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

पुष्कळ राज्यांनी पद सोडणे आणि लॉबिंग सुरू करणे यांत सक्तीचे अंतर ठेवले आहे. याला कूलिंग-ऑफ कालावधी म्हणतात. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये १२ महिन्यांची बंदी घातली. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये दोन वर्षांची मुदत सहा वर्षांवर नेली आणि ती २०२२ च्या अखेरीस लागू झाली. बंदीच्या काळात माजी सदस्याने समितीपुढे उभे राहायचे नसते, पण कोणाला केव्हा भेटावे हे कार्यालयात बसून अशिलाला सांगणे अनेक ठिकाणी लॉबिंग ठरत नाही. म्हणून ‘सल्लागार’ हे पद या काळात फार उपयोगी पडते. शिवाय ज्या पहिल्या दुरुस्तीवर लॉबिंगचा हक्क उभा आहे, तीच दुरुस्ती अशा बंदीविरुद्धही वापरली जाते. मिसुरीने २०१८ मध्ये घातलेली दोन वर्षांची बंदी तेथील एका माजी सदस्याने आणि त्याला कामावर घेऊ पाहणाऱ्या संस्थेने न्यायालयात आव्हानित केली, आणि आठव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला.