डीएनएची वेटोळी: आधी संगणकात, मग सूक्ष्मदर्शकाखाली

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला, तर तो सुमारे २ मीटर भरेल. तो राहतो मात्र १० मायक्रॉनच्या आसपास व्यासाच्या केंद्रकात. तिथे तो कोंबलेला नसतो. हजारो अक्षरे (डीएनएचे एकापुढे एक येणारे छोटे घटक) दूर असलेला जनुक आणि त्याला चालू करणारा तुकडा नेमके एकमेकांजवळ येतात. हे कसे घडते?

डीएनए तसा ताठ रेणू आहे. ५० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे साधारण १५० अक्षरजोड्यांपर्यंत, तो फारसा वाकत नाही. त्यापुढे उष्णतेच्या धक्क्यांनी हवा तसा वळतो. संगणकात तो मण्यांच्या माळेसारखा मांडतात आणि प्रत्येक मण्याला उष्णतेचे धक्के देत राहतात.

२०१४मध्ये जनुकसंचाच्या, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएच्या, कोणता भाग कोणत्या भागाजवळ येतो हे दाखवणाऱ्या नकाशांत एक विलक्षण गोष्ट दिसली. मोठ्या वेटोळ्यांच्या दोन्ही टोकांना सीटीसीएफ हे प्रथिन बसलेले असते आणि ते डीएनएवर जिथे बसते त्या दोन्ही खुणा बहुतेक वेळा एकमेकींकडे तोंड करून असतात. लाखो अक्षरांचा लवचीक धागा मधे असताना टोके तरंगत योगायोगाने भेटत असती, तर तोंडे कुठे आहेत याने काहीच फरक पडला नसता. म्हणजे धाग्यावरूनच काहीतरी सरकत येत असले पाहिजे.

एमआयटीतील लिओनिड मिर्नी आणि ह्यूस्टनमधील एरेझ लीबरमन-एडन यांच्या गटांनी २०१५-१६मध्ये हीच कल्पना संगणकात चालवली. कोहेसिन हे कड्यासारखे प्रथिन डीएनएवर बसते, धागा आत ओढत वेटोळे वाढवते आणि समोर तोंड केलेले सीटीसीएफ आले की थांबते. एवढ्या मोजक्या नियमांतून प्रयोगातल्यासारखे नकाशे तयार झाले. माझ्या मते या क्षेत्रातले हे सर्वांत सुंदर काम आहे, कारण असे ओढणे तोवर कुणी प्रत्यक्ष पाहिलेच नव्हते.

२०१७मध्ये पेशींतून कोहेसिन काढल्यावर नकाशांतली ही वेटोळी नाहीशी झाली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे कोहेसिनचे भावंड असलेले कंडेन्सिन एकट्या डीएनए रेणूचे वेटोळे ओढताना सूक्ष्मदर्शकाखाली टिपले गेले. वेग होता सेकंदाला १५०० अक्षरजोड्यांपर्यंत. २०१९मध्ये कोहेसिनही तसेच करताना दिसले.

पण या यंत्रांचा जोर फार थोडा, १ पिकोन्यूटनहूनही (पिकोन्यूटन हे बलाचे अतिशय लहान एकक) कमी. पेशीतला डीएनए तर हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. त्या गाठोड्यांवरून इतके दुबळे यंत्र पुढे कसे सरकते, याचा शोध प्रयोगशाळांत आणि संगणकांवर अजून चालू आहे.